खविसाच्या माळावरचा तास

मुलाणीसर, काल मी माळावर जाऊन आले.

तुम्ही गेल्याला आज पंचवीस दिवस झाले. या दिवसांत तुमच्याविषयी बोलायला मला दोनदा उभं केलं, एकदा आपल्या निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत आणि एकदा शाळेत. दोन्ही वेळा मी तुमच्या नोकरीची वर्षं, तुमचं अक्षर, तुमचे चित्रकलेच्या परीक्षांचे निकाल असं क्रमानं सांगितलं आणि खाली बसले. त्यात एकही चूक नव्हती. तरी घरी येताना वाटत राहिलं की विचारलेला प्रश्न एक होता आणि मी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं लिहून आले. म्हणून आता तुम्हालाच सांगते आहे. तुम्ही मध्येच हसून मला थांबवणार नाही, एवढी गैरसोय आहे.

आपण सगळी नोकरी एकमेकांना 'अहो' म्हणत काढली. तुम्ही मला 'बाई' म्हणायचात, मी तुम्हाला 'सर'. नववीच्या विज्ञानाच्या तासाला मी वर्गात शिरण्याआधी फळ्यावर हृदयाचा उभा छेद काढलेला असायचा. तांबडा खडू, निळा खडू, चारही कप्पे प्रमाणात. मी फक्त बाण काढून नावं लिहायची. बाईंना चित्रं फार छान येतात असं मुलांना वाटे. तुम्ही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाहीत, आणि मीही केला नाही. तपासणीला साहेब आले, त्यांनी माझ्या फलकलेखनाची स्तुती केली, तेव्हा तुम्ही दारातून जात होतात. मी तुमच्याकडे पाहिलं आणि गप्प राहिले. हे पहिलं सांगायचं होतं. दुसरं याहून जड आहे, आणि त्यासाठी मला माळावर जावं लागलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी चिखलीहून दोन बस बदलून मी सांगवीला पोहोचले, तोवर पुरुषमंडळी तुम्हाला घेऊन शहरातल्या कब्रस्तानाकडे निघाली होती. तुमच्याकडे बायका दफनाला जात नाहीत, म्हणून मी आतल्या खोलीत वहिनींजवळ बसले. त्या रडत नव्हत्या. भिंतीला पाठ टेकून, येणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगत होत्या की तुम्ही सकाळचा चहा अर्धाच घेतलात. आठवड्यानं पुन्हा गेले. इद्दत सुरू झाली होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, हा तुमच्याकडचा नियम वहिनी मनापासून पाळत होत्या. तुमचा मुलगा अर्शद कामावर गेल्याची खात्री करून त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, एक काम हाय तुमच्याकडं."

"सांगा ना."

"यांना गावाकडं जायचं होतं. माळावर. दोनदा म्हणाले, मला तिच्याजवळ ठेवा."

"तिच्या म्हणजे कुणाच्या?"

पहिल्याच धड्यावरचा सोपा प्रश्न विचारावा आणि हुशार मुलीला तो येऊ नये, तेव्हा आपण जसं बघतो तसं वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या मुन्नीच्या. तुम्हाला बोलले न्हाईत कधी?"

बोलला नव्हतात, सर. तीन वर्षांची होती, म्हणे. तुम्ही आमच्या शाळेत बदलून आलात त्याच्या आदल्या वर्षी तापानं गेली. तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी तिला माळावर नेलं. वहिनी तिथं आत कधीच गेल्या नाहीत. तुम्ही शुक्रवारी जाऊन यायचात आणि चपला काढता काढता "आहे, बरी आहे" एवढं सांगायचात. गावातलं घर सुटलं, तुम्ही सांगवीला आलात, मग गुडघे गेले, आणि तेही सांगणं बंद झालं. अर्शदनं त्या सकाळी गावात फोन केला होता. उत्तर आलं की माळावर जायला वाटच राहिलेली नाही, सगळीकडे ट्रेलर उभे असतात. मयत घेऊन रस्त्यावर ताटकळण्यापेक्षा त्यानं शहरातली जागा धरली. त्याला दोष देता येत नाही.

"ती हाय का न्हाई अजून, एवढं बघून या," वहिनी म्हणाल्या. "हाय म्हणालात तर मला झोप येईल."

मी हो म्हटलं. कुठली कबर, कशी ओळखायची, हे विचारायचं मला जिना उतरेपर्यंत सुचलं नाही. आणि विचारून तरी काय उपयोग होता? ती जागा एकाच माणसाला ठाऊक होती.

आता त्या माळाच्या नावाकडे येते, कारण आपलं भांडण त्या नावापासूनच सुरू झालं. ओढ्याच्या वरच्या अंगाला दगडी भिंतीनं घेरलेलं ते जुनं कब्रस्तान. आत मोठमोठी घडीव थडगी. कुठल्या तरी जुन्या लढाईत पडलेल्या शिपायांची म्हणून सांगितली जायची, पण कुठल्या लढाईतली यावर गावात एकमत नव्हतं. त्यांच्या आडोशाला गावातल्या चार-पाच मुसलमान घरांच्या साध्या कबरी. गाव या जागेला खविसाचा माळ म्हणायचं. आपल्याकडे भुतांचे नाना प्रकार, बाळंतीण गेली तर निराळं, सावकार गेला तर निराळं. मुसलमान गेला की मात्र एकच, खवीस. "मेल्यावरसुद्धा आमची वेगळी तुकडी का, बाई?" असं तुम्ही शिक्षकांच्या खोलीत विचारलं होतंत आणि सगळे हसले होते. मग मूळ शब्द खबीस, म्हणजे दुष्ट, हेही तुम्हीच सांगितलंत. "माझे पणजोबा आहेत तिथं. ते दुष्ट नव्हते. चिडके होते, ते मान्य."

त्या वर्षीच्या शाळेच्या हस्तलिखित अंकात मी माळाची कथा जशी ऐकली तशी लिहिली. भर दुपारी बाराला खवीस भिंतीआड बसतो. वाटेनं जाणाऱ्याला मागून हाक घालतो, "पावणं, तंबाकू हाय का?" जो वळून बघेल तो सात दिवसांत आटोपतो. चित्र तुम्ही काढायचं होतं. तुम्ही भिंत काढलीत, तिच्यावरचं आभाळ काढलंत आणि कागद माझ्या हातात दिलात.

"सर, यात खवीस कुठे आहे?"

"तो नसतो असं तुम्हीच शिकवता ना? मग काढू कसा?"

आमच्या मुलांना मात्र तो पक्का माहीत होता. ओढ्याकडून वळसा घालून यायची आणि उशीर झाला की खविसाचं नाव सांगून मोकळी व्हायची. मी विज्ञान शिकवणारी. मला ते सोसेना. नववीचा वर्ग भर दुपारी माळावर न्यायचा आणि तिथंच दोन तास घ्यायचे, असं मी ठरवलं. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "तिथं नको, बाई. दुसरा माळ बघू."

"दुसऱ्या माळावर खवीस कुठला आणायचा?"

"ती जागा शांत आहे. राहू द्या तशी."

तेव्हा मी पाच शिक्षकांच्या आणि शिपाईमामांच्या देखत म्हणाले, "सर, शिक्षकच भ्यायला लागले तर मुलांनी कुणाकडे बघायचं?"

तुम्ही पेन्सिलीला टोक करत होतात. ते करत राहिलात.

तास उत्तम झाला. मी आजही त्यात चूक काढू शकत नाही. जमिनीत काठी रोवली आणि दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजायला लावली. सर्वात आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही, आपल्या गावी साडेबारा उलटून जातात, हे मुलांनी स्वतः वहीत नोंदवलं. मग मी विचारलं, खवीस बारा वाजता येतो, तर त्याचं घड्याळ कुठलं, सरकारी की सूर्याचं? वर्ग असा हसला की झाडावरचे कावळे उडाले. भिंतीच्या एका भोकातून वारा शिरला की हुंकारासारखा आवाज येई. ते भोक मुलांनी चिखलानं बुजवलं आणि आवाज थांबला. शेवटी सगळ्यांना तिथंच डबे खायला लावले. तुम्ही मुलं सांभाळायला बरोबर आला होतात, पण आत आला नाहीत. भिंतीच्या खिंडाराबाहेर चपला काढून दोन्ही तास उन्हात उभे राहिलात. परतताना मी मुलांना म्हणाले, "पाहिलंत? भीती बाहेर उभी राहिली आणि आपण आत जेवलो." तुम्ही चार पावलं मागेच होतात. मुलं मागे वळून वळून हसत होती.

त्यानंतर तुम्ही मला एकदाच उत्तर दिलंत, तेही दोन दिवसांनी, हजेरीपट आणायला आलात तेव्हा. "भूत तर काढलंत, बाई. आता तिथं राखण कोण बसणार?"

"माणसं राखतील, सर. शहाणी झालेली माणसं."

तुम्ही मान हलवलीत. पुढे दर जून महिन्यात, शाळा उघडली की पहिल्याच दिवशी विचारायचात, "काय बाई, माळावर राखणदाराची नेमणूक झाली का?" मी म्हणायची, प्रस्ताव पाठवला आहे. आपला हा विनोद निवृत्तीपर्यंत चालला. मला तो विनोदच वाटत होता. मधल्या काळात मुलं माळावर क्रिकेट खेळू लागली. मग भिंतीचे दगड कुणाकुणाच्या गोठ्याला लागले. मग चाकणला एकामागून एक कारखाने आले, आणि जे मोकळं दिसेल ते वापरात येऊ लागलं. तुम्ही पाहत होतात. मी पेपर तपासत होते.

दिवाळीनंतर सांगवीला तुम्हाला भेटले ती आपली शेवटची भेट. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. तेव्हा तुम्ही मला अब्बांची गोष्ट सांगितलीत, आणि वहिनी आतून दोनदा म्हणाल्या की जास्त बोलू नका. माळावरचे घडीव दगड लोक तुमच्या लहानपणीही पळवायचे. तुमचे वडील पाटलाकडे गेले, चावडीवर गेले, कुणी दाद दिली नाही. मग एका दुपारी ते स्वतःच भिंतीआड जाऊन बसले. एक जण दगड काढायला पहार घेऊन आला, त्याला मागून आवाज दिला, "पावणं, तंबाकू हाय का?" तो पहार टाकून पळाला आणि आठ दिवस अंथरुणात होता.

"म्हणजे खवीस अब्बांनी बसवला?" मी विचारलं.

"बसवला. आणि अब्बांनी जन्मात तंबाखू खाल्ली नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही." तुम्ही खोकलात, पाणी प्यायलात. "तीस वर्षं राखण केली त्यानं, बाई. एक रजा नाही घेतली."

मी हसले. तुम्हीही हसलात. तुम्ही त्या दिवशी आणखी काही सांगायच्या बेतात होतात असं आता वाटतं, पण मी घड्याळ पाहिलं. मला अंधार व्हायच्या आत चिखलीला पोहोचायचं होतं.

काल मी आधी तलाठी कार्यालयात गेले. कामाला क्रम असावा. उताऱ्यावर ती जमीन अजून दफनभूमी म्हणूनच आहे, हे वाचून जरा बळ आलं. मग चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बस यांच्या मध्ये अर्धा तास अडकून, पुढे रिक्षानं फाट्यापर्यंत. फाट्यापासून चालत गेले. या वयात ते अंतर पूर्वीपेक्षा दुप्पट आहे. ओढा मी पाहून ओळखला नाही, वासावरून ओळखला. माळावर नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर ओळीनं उभे होते, आणि त्यांच्या चाकांमधून थडग्यांची टोकं दिसत होती. भिंत तीन बाजूंनी गेली आहे. ओढ्याकडची तेवढी उभी आहे, तीही खिंडार पडलेली.

एका पत्र्याच्या खोलीतून पन्नाशीकडे झुकलेला, भरल्या अंगाचा माणूस बाहेर आला. मला निरखून पाहिलं आणि एकदम पायाशी वाकला.

"बाई? एवढ्या उन्हाचं हिकडं कुठं? म्या सोपान. नववी ब. प्रकाशाच्या धड्याला तुम्ही मला तासभर उभं केलं व्हतं."

"कुठल्या प्रश्नाला?"

"त्यो कुठला आठवतोय. उभं केलेलं आठवतंय."

त्यानं खुर्ची आणली, पाणी आणलं, गाड्या आपल्याच आहेत हे सांगितलं. सोमवारी जेसीबी येणार होता. सगळं सपाट करून खडी टाकायची, कारण पावसात गाड्या रुततात. हे तो मला आनंदानं सांगत होता, शिकवलेल्या बाईंना प्रगती दाखवावी तसा.

"सोपान, हे कब्रस्तान आहे."

"व्हतं, बाई. आता कोण पुरतंय हितं? येत न्हाई की कुणी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला काही वाटत नाही? भीती?"

तो मनापासून हसला. "बाई, तुमी इचारताय व्हय? तुम्हीच तर काढलीत आमची. हितं बसवून डबा खायला लावला. घरी सांगितलं तर आईनं मिरच्या ओवाळल्या माझ्यावरनं. पण तवापासून आपण कशाला भ्यालो न्हाई. पहिली गाडी उभी केली तवा ड्रायव्हर म्हणला, शेठ, हितं खवीस असतोय. म्हणलं, गप लाव गाडी, आमच्या बाईंनी मोजून बघितलंय."

सर, छत्तीस वर्षं शिकवलं. इतकं पक्कं लक्षात राहिलेलं माझं दुसरं काही कुणी मला कधी म्हणून दाखवलं नव्हतं.

मी त्याला तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "चित्रकलेचे मुलाणीसर? कधी?" मी दिवस सांगितला. टोपी हातातच धरून तो म्हणाला, "सरांनी मला कधी हात लावला न्हाई. बाकी सगळ्यांनी लावला." मी म्हणाले, सरांची लहान मुलगी इथे आहे, तिच्यासाठी आले आहे.

"मंग सांगा ना, बाई. कुठली त्ये दाखवा. तेवढी ठेवतो मी. कुंपण घालून देतो. सरांचं माणूस म्हणल्यावर काय."

आणि मी विद्यार्थ्यासमोर म्हणाले, "मला माहीत नाही."

आम्ही दोघं ट्रेलरांमधून फिरलो. लहान कबरी नऊ दिसल्या, मी मोजल्या. काहींवर नुसता धोंडा, काहींवर तोही नाही, सगळ्यांवर तेलाचे डाग. एका कोपऱ्यात पोहोचल्यावर सोपान थांबला.

"बाई, त्या दिवशी सर मला वरडले व्हते. आठवतंय का?"

आठवत नव्हतं. मी काठीजवळ सावली मोजत होते.

"डबा खायला म्या ह्या कोपऱ्यात आलो व्हतो, एकटाच. आमची भाकरी आन् ठेचा, पोरांच्यात उघडायची लाज वाटायची. बसाय पुरता एक बारका धोंडा व्हता. टेकतोय न टेकतोय तवर सर भिंतीवरनं वरडले, सोपान, ऊठ तिथनं. असला आवाज सरांचा कधी ऐकला न्हवता. मंग बारीक आवाजात म्हणले, बाळा, तिकडं सावलीला बस. डोळं पुसत व्हते. मला वाटलं घाम." तो कोपऱ्यातल्या ट्रेलरकडे बघत होता. "त्या दिवशी म्या भ्यालो त्यो तेवढाच. खविसाला न्हाई. सरांना."

त्यानं ड्रायव्हरला हाक मारली. ट्रेलर पुढे जायला दहा मिनिटं लागली, कारण पुढचे दोन आधी हलवावे लागले. मागच्या चाकांच्या खुणांच्या मधोमध तो धोंडा होता, एका अंगाला कललेला, पण शाबूत. मी जवळ जाऊन ओढणीच्या टोकानं त्यावरची माती पुसली. नाव नव्हतं. खालच्या बाजूला छिन्नीनं काढलेलं एक फूल होतं, पाच पाकळ्यांचं, मधला केसरांचा भागसुद्धा दाखवलेलं. मी सोपानला सांगितलं, हीच. त्यानं विचारलं, कशावरून? मी सांगितलं की ज्या हाताच्या आकृत्यांना मी वर्षानुवर्षं नावं दिली, तो हात मला ओळखू येतो. पाकळ्या प्रमाणात होत्या, सर.

"ही ठेवतो," सोपान म्हणाला. "शब्द देतो."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांचं कोण हाय, बाई?"

याचं उत्तर उताऱ्यावर होतं, आणि त्या उत्तरानं एकही ट्रेलर आजवर हललेला नव्हता. मला उन्हाचा त्रास होऊ लागला होता. मी खोलीपाशी परतून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सोमवारचा जेसीबी थांबव. मी येऊन सगळ्या जागांचा नकाशा काढते, लहान-मोठ्या सगळ्या, मापानं. मग त्यातली कुठली सपाट करायची ते तू कागदावर बोट ठेवून माझ्यासमोर सांग."

"बाई, तुमी अजून गृहपाठच देताय."

"देते आहे."

तो पायानं माती उकरत राहिला. "सोमवारचं पुढं ढकलतो. कायमचं न्हाई म्हणत, बरं का." मग त्यानं स्वतःच्या गाडीनं मला चिखलीपर्यंत सोडलं.

खवीस नसतो, हे मी उद्याही सांगेन. भोकातून येणारा वारा तो वाराच होता, आणि सावलीचं मापही बरोबर होतं. पण ज्या जागेवर तास घ्यायचा ती कुणाची आहे, हे तुम्ही 'नको' म्हणालात तेव्हा मी विचारायला हवं होतं. आमच्याकडे मुलगा 'येत नाही' म्हणाला तर का येत नाही हे विचारावं, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला भित्रा म्हटलं, आणि तुमच्या मुलीजवळ बेचाळीस मुलं जेवायला बसवली. तुम्ही भिंतीबाहेर उभे राहून प्रत्येकाचं पाऊल कुठे पडतंय ते पाहत होतात. नंतर इतकी वर्षं माझ्या फळ्यावर हृदयाचा छेद काढत राहिलात. मी माफी मागते, सर. हे वाक्य दिवाळीनंतरच्या त्या भेटीत म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी तुम्ही बोलेपर्यंत थांबायला हवं होतं.

संध्याकाळी वहिनींना फोन केला. "आहे," मी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बरी हाय?" मी म्हटलं, बरी आहे, फुलासकट आहे. फुलाचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते कसं आहे हे त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "अर्शदला कागदावर लिहून द्या, बाई. आता पुन्हा एकट्याच्या डोक्यात नको ठेवायला."

ते लिहून ठेवलं आहे. तुम्ही तपासून घेतलं असतंत, म्हणून इथे उतरवते. शाळेच्या फाट्यावर उतरावं. ओढ्याचा पूल ओलांडून लगेच उजवीकडे वळावं. उभ्या राहिलेल्या भिंतीच्या खिंडारातून आत जावं आणि भिंत डाव्या हाताला ठेवून सरळ चालावं. दोन मोठी घडीव थडगी लागतील, त्यांच्या मधून पुढे जावं. तिथून कोपऱ्याच्या दिशेनं बावीस पावलं. धोंडा लहान आहे, त्यामुळे शेवटची चार पावलं खाली बघून टाकावीत. पावलं माझी मोजलेली आहेत, गुडघ्यांमुळे आखूड. अर्शदला पंधरा पुरतील.